पाठमोरा पिकाचू

पिकाचूच्या शेपटीचं टोक कोणत्या रंगाचं? लहानपणी शाळेतून आल्या आल्या दप्तर भिरकावून टीव्हीसमोर बसलेल्या कुणालाही विचारा. बरेच जण छातीठोकपणे 'काळं' म्हणून सांगतात. काळी असतात ती कानांची टोकं. शेपटी पिवळीच, फक्त बुडाशी तपकिरी, आणि पाठीवर दोन आडवे तपकिरी पट्टे. गालांवरचे लाल गोल सगळ्यांना आठवतात, पाठ कुणाच्या लक्षात राहत नाही. तुळशीबागेत प्लास्टिकच्या पिशवीत घालून टांगलेले जे पिकाचू असतात, त्यांतल्या कित्येकांची पाठ कोरी असते. "ओरिजिनल माल आहे ताई, हात लावून बघा," असं दुकानदार मला सांगत होता, तेवढ्यात माझ्या भाचीने हातातला पिकाचू उलटा केला, बघितला आणि परत ठेवून दिला. "मावशी, ह्याच्या पाठीवर काहीच नाहीये." दुकानदाराला वाटलं, पोरीला पाठीवर काहीतरी जास्तीचं हवंय. तो आत गेला आणि पाठीला चेन असलेला, दप्तर म्हणून वापरता येणारा पिकाचू घेऊन आला.

भाचीने पोकेमॉन टीव्हीवर फारसं पाहिलेलं नाही. ती खेळते. हा फरक वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. कार्टूनमधला पिकाचू बहुतेक वेळ प्रेक्षकांकडे तोंड करून असतो. गेममध्ये लढत सुरू झाली की समोरच्याचा पोकेमॉन पडद्यावर वर उजवीकडे, आपल्याकडे तोंड करून. आणि आपला स्वतःचा खाली डावीकडे, पाठमोरा. आपण त्याच्या मागे उभे. २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये 'रेड' आणि 'ग्रीन' हे पहिले दोन गेम आले, तेव्हापासूनची ही मांडणी. पुढे गेम त्रिमितीत गेले, कॅमेरा फिरू लागला, तरी हुकूम देण्याच्या क्षणी आपला गडी बहुधा पाठमोराच असतो. महिनोन् महिने ज्याला लढवलं, वाढवलं, त्याची पाठच आपण जास्त बघितलेली. तो कापडाचा होऊन हातात येतो तेव्हा पहिल्यांदा आपल्याकडे तोंड करून निवांत बसतो. कार्टूनवरून सॉफ्ट टॉय घेणारा ओळखीचा चेहरा शोधत असतो. गेमवरून घेणाऱ्याचा हिशेब वेगळा असतो.

पहिल्या गेमची तांत्रिक ओढाताण आज कुणाला सांगून पटत नाही. गेम बॉयचा पडदा १६० बाय १४४ ठिपक्यांचा, रंग म्हणाल तर एकाच हिरवट रंगाच्या चार छटा. त्यात एका प्राण्याच्या वाट्याला येणारी चौकट जास्तीत जास्त ५६ बाय ५६ ठिपक्यांची, आणि पाठमोरं चित्र त्याहून ढोबळ. एवढ्याशा जागेत एकमेकांपासून वेगळे ओळखू येतील असे १५१ प्राणी बसवायचे होते. गेमचे जनक सातोशी ताजिरी लहानपणी टोकियोजवळच्या माचिदात किडे पकडत हिंडायचे. तो नाद त्यांनी गेममध्ये आणला. केन सुगिमोरींनी चित्रांना एकसारखं वळण दिलं. पिकाचू काढला अत्सुको निशिदा यांनी, आणि त्यांच्या सांगण्यानुसार सुरुवातीला त्यांच्या डोळ्यांसमोर होता दाइफुकू, म्हणजे आत गोड सारण भरलेला तांदळाच्या पिठाचा मऊ गोळा. गालांच्या थैल्या नंतर खारीवरून आल्या. पहिल्या चित्रांतला पिकाचू म्हणूनच चांगला गुबगुबीत आहे. पुढे त्याला मान आली, कंबर आली. ज्याची कल्पनाच मुळात खाऊच्या मऊ गोळ्यापासून निघाली, तो कापूस भरलेल्या कापडात इतका चपखल बसतो यात नवल नाही.

चित्रातल्या प्राण्याचं कापडी खेळणं करून विकण्याचा उद्योग तसा जुना. बिअॅट्रिक्स पॉटर यांनी आपल्या पीटर रॅबिटच्या बाहुल्याचं पेटंट १९०३ साली घेतलं होतं. १९३० मध्ये शार्लट क्लार्क यांनी शिवलेले मिकी माउस डिस्नेलाही पसंत पडले. पण ससा असो की उंदीर, वाचक-प्रेक्षक त्यांच्याकडे लांबून बघत होता. गेममध्ये तुम्ही निवडता. पोकेमॉनची गोष्टच निवडीने सुरू होते. प्रोफेसर ओकच्या टेबलावर तीन चेंडू: बल्बसॉर, चारमँडर, स्क्वर्टल. एक घ्यायचा, बाकीचे दोन सोडायचे. त्यातला एक लगेच तुमचा प्रतिस्पर्धी उचलतो. पुढे प्रवासात सोबत जास्तीत जास्त सहा. सातवा पकडलात तर तो थेट संगणकातल्या खोक्यात जमा. दहा वर्षांच्या पोराला ही केवढी मोठी जबाबदारी! दुकानात मात्र ती मोकळीक बराच काळ नव्हती.

पहिलं पोकेमॉन सेंटर टोकियोच्या निहोनबाशी भागात एप्रिल १९९८ मध्ये उघडलं. फळीवर काय दिसायचं, तर जे खपतं ते. पिकाचू, ईव्ही, सुरुवातीचे तिघे, म्यू, म्यूटू. फारफेच्डसारखा कांद्याची पात बगलेत मारून फिरणारा बदक किंवा डिगलेटसारखा नुसतं डोकं वर काढणारा चिचुंद्रीचा भाऊबंद कापडी रूपात मिळणं नशिबाची गोष्ट. पिकाचूला तरी हे मानाचं पान कसं मिळालं? आधी चेहरा म्हणून क्लेफेरीचा विचार चालला होता. पहिल्या मांगामध्ये नायकाच्या जोडीला तीच आहे. १९९७ साली कार्टून मालिका आली, तिने पिकाचूला पुढे काढलं, आणि मग दुकानांनी तोच पिकाचू वर्षानुवर्षं आपल्या गळ्यात मारला.

२०१८ साली पोकेमॉन कंपनीने 'पोकेमॉन फिट' नावाची मालिका काढली आणि पहिल्या पिढीतले सगळेच्या सगळे १५१ शिवले. तळहातावर मावतील असे. माझ्या मते या धंद्यातला हा सर्वांत उमदा निर्णय. कोण खपेल नि कोण पडून राहील, याचा हिशेब क्षणभर बाजूला ठेवून प्रत्येकाला जागा दिली. मग जोहतो प्रदेशातले १००, होएनचे १३५, अशी गाडी पुढे निघाली. आज एकूण पोकेमॉन १०२५ आहेत.

फिटमधला एखादा हातात घेऊन बघण्यासारखा असतो. वरच्या भागात पॉलिएस्टरचा कापूस, बुडाशी बारीक मणी. त्यामुळे छोटा असूनही तो जड लागतो, आणि ठेवला तिथे बूड टेकून बसतो, कलंडत नाही. पण खरी परीक्षा शिंप्याची. गॅस्टली हा सगळा वायूचा, वजन म्हणे १०० ग्रॅम; वायू शिवायचा कसा? ऑनिक्स म्हणजे ८.८ मीटर लांबीची दगडांची माळ. एक्झेगक्यूट ही सहा अंडी, एक नव्हे. डिगलेटचं जमिनीखालचं अंग तर गेममध्ये कधीच दाखवलेलं नाही. पोरं पिढ्यान् पिढ्या त्यावर वाद घालताहेत. बाहुल्याला मात्र बूड लागतंच. ते सपाट शिवून, आत मणी भरून कारागिराने वाद मिटवलेला असतो. मूळ चित्रातलं काय ठेवायचं आणि काय सोडायचं, याचा निर्णय अशा प्रत्येक खेळण्यात कुणीतरी घेतलेला असतो, आणि आपल्याला आवडतो किंवा नावडतो तो बहुतेक वेळा हाच निर्णय.

मऊ खेळण्याचं डोकं गोल दिसत असलं तरी ते अनेक सपाट तुकड्यांचं असतं. तुकड्यांच्या कडांना चिमटे घेऊन गोलाई आणतात. शिवण चेहऱ्याच्या मधोमध आली की भाव बिघडतो, म्हणून ती कानाच्या मागे, हनुवटीखाली ढकलायची. कापडाला लव असते आणि लवेला दिशा. डोक्याचा तुकडा एका दिशेने कापला आणि पोटाचा उलट्या, तर एकाच पिवळ्याचे दोन पिवळे दिसतात. घेताना वरून खाली हात फिरवून बघावा. सगळीकडे सारखा घसरला पाहिजे. पिकाचूच्या शेपटीचा वेगळाच ताप: ती चपटी, विजेसारखी मोडलेली, आणि ताठ राहायला हवी. आत कडक अस्तर नसलं की महिन्याभरात मान टाकते.

सगळ्यात नाजूक काम डोळ्यांचं. तुकडे जोडायच्या आधी सपाट कापडावर मशीनने भरतकाम होतं. मग जोडणी, मग कापूस. कापूस ठासला की कापड ताणलं जातं आणि डोळे किंचित सरकतात. एकाच कारखान्यातल्या, एकाच दिवशीच्या दोन पिकाचूंपैकी एक हसरा आणि एक चक्रावलेला दिसतो तो यामुळे. जपानी गिऱ्हाईक एकाच खेळण्याचे चार-पाच नग फळीवर शेजारी शेजारी मांडून चेहरा निवडताना दिसतं, आणि दुकानदाराला त्यात वावगं वाटत नाही. भाजी निवडायला आपल्याला कुणी शिकवलं नाही, तेच इथे करायचं. दोन्ही डोळ्यांतले पांढरे चमक-ठिपके एका उंचीवर आहेत का, तोंडाची रेघ एका बाजूला ओढली गेली आहे का, नाक मधोमध आहे का. ऑनलाइन मागवलं की हे सगळं देवावर सोडावं लागतं.

चेहऱ्याचीच गंमत करणारी एक मालिका आहे, डिटोची. डिटो हा जांभळट गुलाबी गोळा गेममध्ये समोरच्याचं हुबेहूब रूप घेतो. कार्टूनच्या एका भागात मात्र एका डिटोला सगळं जमतं, फक्त चेहरा बदलता येत नाही. त्यावरून काढलेल्या खेळण्यांत अंग इतर पोकेमॉनचं आणि तोंड डिटोचं: दोन ठिपके, एक आडवी रेघ. सगळी मेहनत अंगावर आणि तोंडाला तीन टाके. आवडत्या पोकेमॉनचा डिटो घ्यावा की खरा, यावर घराघरांत मतभेद असतात. मला विचाराल तर डिटोवाला दुसरा घ्यावा, पहिला नाही.

आकाराचा प्रश्न वरवर पैशांचा वाटतो, पण गेमच्या नोंदवहीत, म्हणजे पोकेडेक्समध्ये, प्रत्येकाची उंची आणि वजन दिलेलं असतं. पिकाचू ०.४ मीटर, म्हणजे ४० सेंटिमीटरचा बाहुला हा खरोखर 'जिवंत आकाराचा'. जॉल्टिक १० सेंटिमीटरचा, तो तर खिशात मावतो. याच्या उलट वेलॉर्ड हा देवमासा १४.५ मीटर. स्नॉरलॅक्स २.१ मीटर उंच आणि ४६० किलो; हे गेम बनवणाऱ्या गेम फ्रीक कंपनीतल्या कोजी निशिनो यांच्यावरून तो सुचला, हे त्यांनी खिलाडूपणे घेतलेलं दिसतं. माणूस अंगावर झोपू शकेल असे स्नॉरलॅक्स जपानमध्ये विकले गेले आहेत. वन बीएचकेमध्ये त्याला आणायचं तर सोफा आणि सासू-सासरे यांपैकी एकाला हलवावं लागेल.

दुकानाखेरीज जपानमध्ये आणखी दोन वाटा आहेत आणि दोन्ही थोड्या जुगाराच्या. एक म्हणजे काचेच्या पेटीतला पंजा. सेगाने १९८५ मध्ये 'यूएफओ कॅचर' आणलं, तेव्हापासून गेम सेंटरांत सॉफ्ट टॉयचे ढीग असतात. या पेट्यांतल्या बक्षिसाच्या किमतीवर तिथे मर्यादा असते. ती साधारण ८०० येन होती, २०२२ मध्ये १,००० झाली. म्हणून तिथला माल त्या किमतीत बसेल असा मुद्दाम बनवतात: आकार मोठा, कापूस हलका, भरतकाम कमी. लांबून भरघोस, हातात घेतला की पोकळ. दुसरी वाट 'इचिबान कुजी', म्हणजे किराणा-कम-चहाच्या चकाचक दुकानांत मिळणारी सोडत. प्रत्येक चिठ्ठीला काहीतरी मिळतंच, आणि शेवटची चिठ्ठी घेणाऱ्याला वेगळं बक्षीस. डब्यात चिठ्ठ्या थोड्या उरल्या की गल्ल्याभोवती घुटमळणाऱ्यांचे चेहरे वाचण्यासारखे असतात. ज्यांना जुगार नको त्यांनी मांदाराके किंवा बुक ऑफसारख्या जुन्या मालाच्या दुकानांत जावं. पेटीतून जिंकलेला माल तिथे सरळ किंमत लावून ठेवलेला असतो. रोजच्या वापराला, म्हणजे पोराने उशाशी घेऊन झोपायला, सान-एइ बोएकी या कंपनीच्या 'ऑल स्टार कलेक्शन'मधली खेळणी मला उजवी वाटतात. पोकेमॉनबरोबरच मारिओ आणि कर्बीचीही ती बनवते.

गावोगावचे खास पिकाचू हा आणखी एक नाद. क्योतोचा किमोनोतला, ओकिनावाचा फुलाफुलांच्या सदऱ्यातला. सिंगापूरच्या चांगी विमानतळावरच्या ज्युएलमध्ये एप्रिल २०१९ ला सेंटर उघडलं तेव्हा वैमानिकाच्या वेशातला पिकाचू आला. मुंबईहून निघालेल्या मराठी कुटुंबांना सगळ्यांत जवळ पडतं ते हेच. पण एक मेख आहे. ज्युएल इमिग्रेशनच्या बाहेर आहे. ऑस्ट्रेलियाला जाताना चांगीवर नुसतं विमान बदलणाऱ्याला सिंगापूरमध्ये प्रवेश घेतल्याशिवाय तिथे पोचता येत नाही, आणि भारतीय पासपोर्टला त्यासाठी व्हिसा किंवा अटींत बसणारी ट्रान्झिटची सवलत लागते. पोराला आधी कबूल करून मग काचेपलीकडून इमारत दाखवायची वेळ येऊ नये, म्हणून हे लिहिलं.

आपल्याकडे २००३ च्या सुमाराला कार्टून नेटवर्कवर पोकेमॉन आलं. चिप्सच्या पाकिटातले टाझो आले, शाळेबाहेर बनावट पत्ते आले. गेम बॉय फार थोड्यांकडे होता. बाकीचे संगणकावर, इम्युलेटरवर 'फायररेड' खेळले, तेही भावंडाची पाळी संपण्याची वाट बघत. कापडी पोकेमॉन आले ते बिनपरवान्याचे, आणि अजून बाजारात तेच जास्त. त्याची कारणं कागदोपत्री सापडतात. खेळण्यांवरची आयात-ड्यूटी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर गेली, २०२३ मध्ये ७० वर. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय शिक्का सक्तीचा झाला. अस्सल माल थोडाथोडका आणून विकणं त्यामुळे परवडत नाही.

अस्सल ओळखायचा तर शिवणीत अडकवलेली कापडी चिठ्ठी बघा. तिच्यावर निन्टेन्डो, क्रिएचर्स आणि गेम फ्रीक अशी तीन नावं आणि साल असतं. नकली मालावर पोकेमॉनच्या स्पेलिंगपासून घसरगुंडी सुरू होते. तरीही मी नकलीच्या नावाने सरसकट बोटं मोडणार नाही. दोन वर्षांचं मूल खेळणं चावणार, ओढणार, लाळेत बुडवणार. त्याच्यासाठी निन्टेन्डोचं नाव आहे की नाही यापेक्षा आयएसआयचा शिक्का आहे का आणि डोळे शिवलेले आहेत की उपटून निघणारे प्लास्टिकचे, हे आधी बघायचं. पाठीवर पट्टे नसले तरी त्या वयात चालतं.

अकरा वर्षांच्या भाचीला मात्र चालत नव्हतं. तिला काय हवं ते तिने शेवटी कागदावर लिहून दिलं: क्लॉडसायर. २०२२ च्या 'स्कार्लेट' आणि 'व्हायोलेट' या गेममधला हा चिखलातला प्राणी. पसरट डोकं, मातकट तपकिरी रंग, तोंडावर कायम 'बरं' म्हटल्यासारखा भाव. ओळखीतल्या एकाने तो जपानहून आणून दिला. घरी आल्यावर तिच्या आजीने चष्मा वर करून बघितलं.

"अगं बाई, हे काय ध्यान आणलंस? घोरपड आहे का?"

"आजी, सगळे पडले होते, तेव्हा हा एकटा उरला होता. शेवटची लढाई ह्यानेच जिंकली."

"मग असू दे हो," आजी म्हणाली आणि त्याला टीव्हीशेजारी जागा करून दिली.

भाचीला मी अट घातली आहे: फळीवर सहाच. गेममध्ये चालतो तोच नियम घरात. सातवा आला की एकाने खोक्यात जायचं. 'सगळे गोळा करा' ही विकणाऱ्याची भाषा आहे. १०२५ पोकेमॉनच्या हिशेबाला कुणाची पगारवाढ पुरायची नाही. ईव्हीच्या आठ रूपांतरांचा संच पूर्ण करायला निघालेले लोक मी पाहिले आहेत, सातवं मिळेपर्यंत त्यांना पहिल्याचं तोंड बघायला फुरसत नसते. सहाच्या अटीचा फायदा हा की आत घेण्याआधी पोरगी विचार करते, आणि कुणाला काढायचं यावर रडतेही. रडू दे.

जपण्याबद्दल थोडं. आपला पावसाळा या खेळण्यांचा वैरी. कोकणात, मुंबईत जुलैमध्ये कपाट बंद ठेवलं की कापसाला कुबट वास येतो, मग काळे ठिपके. हवा खेळू द्यावी, पिशवीत कोंडू नये, श्रावणातलं ऊन सावलीतूनच दाखवावं; थेट उन्हाने पिवळा उडतो. धुवायचं तर ओल्या फडक्याने पुसून. मणी भरलेला बाहुला मशीनमध्ये टाकायचा नाही, शिवण उसवली की मणी थेट निचऱ्याच्या नळीत.

आणि नकोसा झाला तर? टोकियोच्या मेजी मंदिरात दर शरद ऋतूत बाहुल्यांचे आभार मानण्याचा विधी होतो. लोक जुन्या बाहुल्या, सॉफ्ट टॉय घेऊन येतात, रीतसर प्रार्थना होते आणि मग त्यांना निरोप देतात. आपल्याकडे ते कुणाच्या तरी पोराला जातात, आणि कापूस बाहेर येईपर्यंत वापरले जातात. तेही बरंच.

भेट म्हणून घ्यायचा असेल तर दुकानात जाण्याआधी समोरच्याला दोन गोष्टी विचाराव्यात: सुरुवातीला तिघांतला कोणता घेतला होतास, आणि कुणाला टोपणनाव दिलं होतंस का. गेममध्ये आपल्या पोकेमॉनला हवं ते नाव देता येतं. ठाण्यात वाढलेला आणि आता सिअॅटलला असलेला माझा एक मित्र 'फायररेड' खेळताना पिजी नावाच्या अगदी सामान्य पाखराला 'बंड्या' म्हणायचा, इंग्रजी अक्षरांत. ते बापडं मोठं होऊन त्याला गावोगाव उडवत न्यायचं. जपानला गेला तेव्हा सगळे म्हणाले, चारिझार्ड घे, लेबलासकट ठेव, पुढे भाव येईल. त्याने फिटमधला पिजी घेतला आणि हॉटेलवर आल्या आल्या लेबलवर मार्करने देवनागरीत 'बंड्या' लिहिलं. आता याची अर्धीही किंमत येणार नाही, असं तिकडच्या एका संग्राहकाने त्याला हळहळून सांगितलं. "विकतोय कोण?" तो म्हणाला.